ओला अंगठा

केळशीकरांची आठवण जेवताना येऊ नये अशी माझी फार इच्छा असते, आणि ती नेमकी जेवतानाच येते. परवा बँकेच्या कँटीनमध्ये समोरच्या गृहस्थांनी वर्तमानपत्राचं पान उलटायला अंगठा जिभेला लावला आणि मी हातातला घास ताटात परत ठेवला. नाशिकला बदली होऊन मला बराच काळ झाला. कोलकाता मागे पडलं, तिथला घाम, तिथली गर्दी, तिथला सकाळचा मासळीचा वास, सगळ्याची सवय झाली होती तशी सुटलीही. तो अंगठा काही सुटत नाही.

बालीगंजमध्ये आमचं एक छोटं भजनी मंडळ होतं. दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही अप्पा देवस्थळींच्या फ्लॅटवर जमायचो. बहुतेक सगळे बदलीवाले. कुणी बँकेतलं, कुणी सरकारी कंपनीतलं, दोन-तीन आयटीतली जोडपी. मुलं आतल्या खोलीत बंगालीतून भांडायची आणि आईवडील बाहेर मराठीतून अभंग म्हणायचे. अप्पा आणि सुमनताई तेवढे कायमचे. नोकरीसाठी आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. अप्पा पेटी वाजवायचे, चाली लावायचे. सुमनताई गायच्या. खालच्या मजल्यावरचे मित्रदा आधी नुसते ऐकायला यायचे, मग तबल्यावर बसले, आणि अर्धांगाच्या झटक्याने अप्पांचा उजवा हात आणि वाचा गेल्यावर पेटीवर बसले.

गाण्यांचे कागद एका पत्र्याच्या डब्यात असायचे. सुटे, वेगवेगळ्या आकाराचे, वेगवेगळ्या अक्षरातले. कुणी वहीचं पान फाडून लिहिलेलं, कुणी ऑफिसच्या कागदाच्या मागच्या बाजूला. मित्रदांचे कागद बंगाली अक्षरातले. शब्द मराठी, लिपी त्यांची. आणि सगळ्या कागदांवर अप्पांची पेन्सिल. कुठे कोणता सूर, कुठे श्वास, कोण कोणत्या पट्टीत गाणार. एका कागदाच्या समासात तर लिहिलेलं होतं, "सुमन, इथे थांब. घाई नको."

या डब्यावर केळशीकरांची नजर पडली.

केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले होते आणि मुलाकडे राहायला कोलकात्यात आले होते. उंच, गोरे, कडक इस्त्रीचा झब्बा, अत्तर. लांबून पाहिलं तर नमस्कार करावासा वाटेल असा माणूस. जवळ बसल्यावर कळायचं. गाण्याआधी त्यांना मिष्टी पान लागायचं. मग कागद हातात घ्यायचे, अंगठा जिभेवर असा काही दाबायचे की जणू पाकिटावर तिकीट चिकटवायचं आहे, आणि पान उलटायचे. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात एक लालसर, सुरकुतलेला डाग. पुढच्या गुरुवारी तो कागद माझ्या हातात आला की मी डाव्या कोपऱ्याला धरायची. सुमनताईंच्या ते लक्षात आलं होतं. त्या फक्त पदराने कोपरा टिपायच्या आणि कागद पुढे द्यायच्या.

सूर हा प्रकार केळशीकरांना कधी भेटला नाही. त्याबद्दल मी त्यांना बोल लावत नाही. आमच्यात सुरेल असे तिघेच होते. पण बेसूर माणूस हळू गातो, ही जगाची रीत आहे. केळशीकर सगळ्यात मोठ्याने गायचे, आणि गाणं संपलं की दुसऱ्याला सांगायचे, "तुमचा जरा उतरला होता हं."

त्यांचं एक वाक्य होतं. कुठलंही काम निघालं, प्रसादाचं असो नाहीतर सतरंजीचं, ते हात पुढे करायचे आणि म्हणायचे, "माझ्याकडे द्या आणि निश्चिंत व्हा." त्यानंतर ते काम बिघडायचं आणि निश्चिंत फक्त केळशीकर असायचे. एकदा दत्तजयंतीच्या प्रसादाचं असंच त्यांच्याकडे दिलं. त्यांनी सियालदहच्या घाऊक बाजारातून इतके पेढे आणले की आठवडाभर आंबट वास मारत होते, आणि उरलेले त्यांनी पुढच्या गुरुवारी परत वाटले. मित्रदांनी एक हातात घेतला, हुंगला आणि अत्यंत सभ्यपणे खिशात ठेवला.

तर एका गुरुवारी केळशीकर म्हणाले, "ही काय पद्धत आहे? सुटे कागद! कसर लागेल, दमट हवेत कुजतील. मी सगळं स्कॅन करतो. एकच डिजिटल गीतसंग्रह. अनुक्रमणिका, पृष्ठ क्रमांक, एका बोटावर गाणं. माझ्याकडे द्या आणि निश्चिंत व्हा."

खरं सांगायचं तर कल्पना चांगली होती. कोलकात्याच्या पावसाळ्यात कागदांना बुरशी येत होती, दोन गाणी तर एकमेकांना चिकटून गेली होती. आणि केळशीकरांनी मेहनतही घेतली. दिवसचे दिवस बसून एकेक कागद फोनने टिपला, सरळ केला, जोडला. हे मान्य करायलाच हवं. सगळं आयुष्य फायलींवर सही करण्यात गेलेल्या माणसाला अचानक कुणी विचारेनासं झालं की तो असं काहीतरी शोधतो, हेही मला कळत होतं. ही दया मी त्यांच्यावर बरेच महिने केली. पुरे झाली.

संग्रह तयार झाला तेव्हा त्यांनी तीन टॅब आणले. एक मित्रदांपुढे, एक सुमनताईंपुढे, एक स्वतःपुढे. मागे बसणाऱ्यांनी आपापले फोन उघडायचे. मी केळशीकरांशेजारी बसायची, म्हणून त्यांच्या टॅबमध्ये माझी भागीदारी. "मुख्य टॅब माझा," ते म्हणाले. "मी पान उलटलं की सगळ्यांचं उलटणार. शिस्त!" पहिल्या पानावर शाल पांघरलेला त्यांचा फोटो, खाली 'संकलक व संपादक'. प्रत्येक पानाच्या तळाशी त्यांचं नाव एका पट्टीत. ती पट्टी एवढी जाड की लांब अभंगांचं शेवटचं कडवं तिच्याखाली गेलं होतं. संतांनी शेवटी आपलं नाव घातलेलं असतं ना, नेमकं तिथे केळशीकर.

आणि मग त्यांनी अंगठा जिभेला लावला आणि काचेवर फिरवला.

मला वाटलं, सवयीने झालं असेल. नाही. प्रत्येक पानाला. काचेला थुंकी लागत नाही हे त्या माणसाला शेवटपर्यंत समजलं नाही. कागदावर निदान वाळायची तरी. इथे दिव्याच्या उजेडात चमकायची, अक्षरांवरून पानाचा लाल ओघळ जायचा, आणि मला त्यातून अभंगाचे शब्द वाचायचे असायचे. मी पर्समध्ये रुमाल वेगळा ठेवायला लागले. एकदा पुसायला गेले तर म्हणाले, "असू द्या, असू द्या, वहिनी, ओलं असलं की छान सरकतं."

त्या दिवशी पहिल्यांदा बोलले ते मित्रदा. टॅब डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी दोनतीन पानं पाहिली. "ए की! दागगुलो कोथाय गॅलो?" खुणा कुठे गेल्या, असं विचारत होते.

पेन्सिल गेली होती. एकाही पानावर अप्पांची एकही खूण नव्हती.

"ती काढली," केळशीकर म्हणाले. "एक बटण असतं. दाबलं की कागद पांढराशुभ्र. सगळा कचरा साफ."

सुमनताईंनी विचारलं, "आणि माझं नवं गाणं? ह्यांनी चाल लावलेलं?"

हे गाणं अप्पांनी झटका येण्याच्या थोडं आधी बांधलं होतं. शब्दही त्यांचेच, 'आता दिवा लावते मी' अशी सुरुवात. अजून कुणी ऐकलं नव्हतं. मंडळाला शिकवायचं राहून गेलं. सुमनताईंना त्याचं अर्धंमुर्धं वळण माहीत होतं, बाकी सगळं त्या एका कागदावर पेन्सिलीने लिहिलेलं. आणि अप्पांना आता बोलता येत नव्हतं. ते गाणं पेटी-तबल्यावर, सगळ्यांच्या कोरसासकट एकदा ऐकायचं, एवढीच अप्पांची इच्छा राहिली होती. सुमनताईंनी ती आम्हाला सांगितली होती. केळशीकरांनाही.

"शब्द आहेत ना!" केळशीकर म्हणाले. "स्वच्छ आहेत, बघा."

"मूळ कागद द्या मग परत."

"ते कशाला आता? जागा अडवत होते. सूनबाईंनी बिक्रीवाल्याला दिले. अहो, आता सगळं क्लाउडमध्ये आहे."

बिक्रीवाला म्हणजे तिकडचा रद्दीवाला. बालीगंजच्या गल्ल्यांतून दुपारी ओरडत जातो. अप्पा आरामखुर्चीत होते. त्यांना सगळं कळत होतं, फक्त बोलता येत नव्हतं. त्यांनी डोळे मिटून घेतले. केळशीकरांनी अंगठा ओला केला आणि म्हणाले, "चला, गण घेऊया."

त्यानंतर जे झालं ते मी फक्त अधूनमधून पाहिलं. संध्याकाळी मित्रदा वर जायचे, पेटी अप्पांच्या खुर्चीजवळ घ्यायचे. सुमनताई एक ओळ गायच्या. चुकली की अप्पा डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर थाप मारायचे. मित्रदा दुसरा सूर दाबून बघायचे. थाप. तिसरा. थाप नाही. मित्रदा तो आपल्या कागदावर बंगालीत टिपून घ्यायचे. एका ओळीला कधीकधी सगळी संध्याकाळ जायची. एकदा मी गेले तेव्हा सुमनताई एकाच जागी पुन्हापुन्हा गडबडत होत्या आणि अप्पा पुन्हापुन्हा थापा मारत होते. शेवटी त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "अहो, काय हवंय तुम्हाला?" अप्पांनी हात वर करून तसाच धरला. सुमनताई थांबल्या. त्यांना आठवलं. तिथे श्वास होता. तिथे थांबायचं होतं.

गाणं परत उभं राहिलं. केळशीकरांना कळलं तेव्हा म्हणाले, "बघा! मी म्हटलं नव्हतं, काही बिघडत नाही?" आणि संग्रहात त्या पानावर त्यांनी एक ओळ घातली: 'स्वरलेखन: संकलक'. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्या अंगठ्यापेक्षा त्या माणसाची जास्त किळस आली.

गणपतीत बराकपूरला कार्यक्रम ठरला. तिथल्या छावणीतली मराठी कुटुंबं दरवर्षी गणपती बसवतात. अप्पांना गाडीने न्यायचं, पहिल्या रांगेत खुर्ची ठेवायची, आणि शेवटून दुसरं गाणं त्यांचं. त्यानंतर भैरवी, आणि समाप्ती.

भैरवी झाली की मैफल संपली, हे सगळ्यांनाच माहीत असतं. अप्पांच्या बाबतीत मात्र तो धर्म होता. भैरवीनंतर ते पेटीचा भाता बंद करायचे आणि मग कुणी कितीही गळ घालो, गुणगुणायचेसुद्धा नाहीत. "देवाचा निरोप घेतला आणि परत दार वाजवायचं? शोभतं का?" असं म्हणायचे, बोलता येत होतं तेव्हा.

केळशीकरांनी संग्रह अकारविल्हे लावला होता. म्हणजे कार्यक्रमाचा क्रम एक, पुस्तकाचा क्रम दुसरा. आमची भैरवी 'आता निरोप द्यावा' अशी सुरू व्हायची. मंडळाचं सगळ्यात पहिलं गाणं पुस्तकात कुठेतरी मध्ये, आणि अप्पांचं गाणं आणि भैरवी अगदी शेजारीशेजारी. मी म्हटलंही होतं त्यांना, की क्रमाने लावा. "अनुक्रम म्हणजे अनुक्रम, वहिनी. हे प्रोफेशनल आहे."

बराकपूरला सगळं छान चाललं होतं. फौजेतली मंडळी टाळ्यांनाही कवायतीसारखी एकदम. अप्पांच्या अंगावर सुमनताईंनी नवा झब्बा घातला होता. त्यांचं गाणं आलं. केळशीकरांनी पान आणलं, मी स्वतः पाहिलं, 'आता दिवा लावते मी'. सुमनताईंनी डोळे मिटले. सुरुवात करण्याआधी त्या नेहमी क्षणभर डोळे मिटून बसायच्या. अप्पांचा डावा हात दांड्यावर आला.

आणि केळशीकरांना काच पुसावीशी वाटली. पानाचा रस तिच्यावर सांडला होता, त्यांचाच. त्यांनी अंगठा जिभेला लावून तो डाग घासला. पान सरकलं. तिन्ही टॅबवर एकदम सरकलं. सुटे कागद मंचावर आणायचे नाहीत अशी केळशीकरांची शिस्त, त्यामुळे मित्रदांचा बंगाली कागद त्यांच्यापुढे नव्हता, आणि देवनागरी ते अडखळत वाचतात. त्यांना 'आता' दिसलं आणि वर ठळक अक्षरात 'भैरवी' दिसली. क्रम बदलला असेल असं समजून त्यांनी भैरवीचा सूर भरला.

मी केळशीकरांना कोपर मारलं. "अहो, मागे घ्या. चुकलं."

त्यांनी टॅबकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग समोर बसलेल्या कर्नलसाहेबांकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. हे मी शपथेवर सांगेन. पान मागे घ्यायला एक अंगठा पुरला असता, आणि ओला करण्याचीही गरज नव्हती. पण मग चूक झाली असं सगळ्यांसमोर दिसलं असतं. त्यांनी मान उंचावली, हात पसरले आणि भैरवी सुरू केली. मोठ्याने, वरच्या पट्टीत, बेसूर. मागची मंडळी सवयीने त्यांच्यामागे गेली. सुमनताईंनी डोळे उघडले.

भैरवी संपली, लोक हात जोडून उभे राहिले, मुलं प्रसादाकडे पळाली. मी केळशीकरांना म्हटलं, "लोकांना बसवा परत. एकच गाणं आहे. चूक झाली म्हणून सांगा."

"भैरवीनंतर?" केळशीकर डोळे मोठे करून म्हणाले. "अप्पांसमोर? वहिनी, मी अप्पांचा अपमान होऊ देणार नाही."

सुमनताई खाली उतरून अप्पांजवळ गेल्या, वाकून काहीतरी विचारलं. अप्पांनी डावा हात हळूच हलवला. नको. आपला नियम त्यांनी स्वतःवरही चालवला. त्यांच्या गालावरून पाणी येत होतं ते सुमनताईंनी पदराने टिपलं. कागदाचे कोपरे टिपायच्या त्याच पदराने.

अप्पा-सुमनताई गाडीने परतले. आम्ही बाकीचे लोकलने सियालदहला. केळशीकर मजेत होते. "कार्यक्रम वेळेत संपला, हे मुख्य." मग जरा वेळाने, "तो गोंधळ झाला ना, त्याचं मूळ काय सांगू? आपल्या मित्रदांना देवनागरी येत नाही. आता बंगाली माणूस, त्याला तरी काय म्हणणार."

मित्रदा समोरच बसले होते. इतकी वर्षं मराठी गाणी वाजवून त्यांना मराठी पुरती समजायची. ते केळशीकरांकडे बघून म्हणाले, "हाँ केळशीकरबाबू, गलती हमारा ही है।" आणि खिडकीबाहेर बघू लागले. केळशीकरांनी उदारपणे त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्याच हाताने. मला उठून दाराशी जाऊन उभं राहावं लागलं.

त्यानंतर अप्पा पुन्हा आजारी पडले, इस्पितळात होते, गुरुवार बंद पडले. घरी आले ते अगदीच वाळून. मग नागपूरहून मुलगा आला आणि दोघांना घेऊन जायचं ठरलं. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सुमनताईंनी सगळ्यांना बोलावलं. "अनघा, नक्की ये," मला म्हणाल्या. "भैरवीच्या आधी ते म्हणायचंय." घर सगळं बांधून झालं होतं. भिंतीवर फोटोंच्या जागी चौकोन उरले होते. मित्रदांची पेटी, एक तबला आणि अप्पांची खुर्ची, एवढंच उघडं.

केळशीकर आले. मुद्दाम दुसरी आवृत्ती घेऊन आले. पहिल्या पानावर तोच फोटो, शाल नवी. खाली 'अप्पांना सस्नेह अर्पण'. आता संतरचना आधी आणि बाकीच्यांचं मागे, असं त्यांनी नव्याने लावलं होतं. माझ्याशेजारी बसले, अत्तर आणि पान घेऊन.

दोन अभंग झाले. मग सुमनताईंनी टॅब बाजूला सारला. मित्रदांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, बंगाली अक्षरांचा, आणि पेटीवर पसरला. सुमनताईंनी डोळे मिटले.

"थांबा, थांबा, काढतो," केळशीकर पुटपुटले.

सुमनताई थांबल्या नाहीत. 'आता दिवा लावते मी.' त्यांचा आवाज थोडा फाटला होता, पण सूर जिथल्या तिथे. दुसऱ्या ओळीला आम्ही साथ धरली. अप्पांचा डावा हात दांड्यावर ताल देऊ लागला. माझ्या शेजारी अंगठा जिभेवर, जिभेवरून काचेवर, परत जिभेवर. एक पान, दुसरं पान, मागे, पुढे. तो बारीक चिकट आवाज मला गाण्यातून ऐकू येत होता. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. ती जागा आली तेव्हा अप्पांनी हात वर धरला. सुमनताई थांबल्या. आम्ही सगळे थांबलो. खोलीत पेटीचा एकच सूर, आणि तो अंगठा. मग अप्पांनी हात खाली आणला आणि गाणं पुढे गेलं, शेवटच्या कडव्यापर्यंत, समेपर्यंत.

मित्रदा चष्मा पुसत होते. अप्पा सुमनताईंकडे बघत होते, नुसते बघत होते.

"सापडलं!" केळशीकर म्हणाले. सगळ्यांना दिसावा म्हणून त्यांनी टॅब उंच धरला. काचेवरून एक ओघळ खाली येत होता. "परिशिष्टात आहे. हं सुमनताई, करा आता सुरू."